समुद्राकडे जातांना पंचांग पाहा
(नभोवाणीवरील भाषण)

सुटी जवळ आली कीं आपल्या जळगांव-धुळ्याकडील घराघरांत एक प्रश्न निघतो : यंदा कोठें जावयाचें? याचें उत्तर पूर्वीं ठरलेलें असे. नाशिक-त्र्यंबक, वणीची देवी, शिर्डी. हौस अधिक असली तर महाबळेश्वर. अलीकडे मात्र मुलें एकमुखानें सांगतात, "समुद्र पाहावयाचा." मग वडील माणसें खोलीचें भाडें विचारतात, गाडीचीं तिकिटें काढतात, सामान बांधतात, आणि सहलीची आंखणी पुरी झाली असें समजतात. माझें म्हणणें असें आहे कीं, एवढ्यानें आंखणीचा अर्धाच भाग होतो. राहिलेला अर्धा भाग आपल्या भिंतीवर टांगलेल्या पंचांगांत असतो, आणि तो न वाचतां समुद्राकडे जाणें धोक्याचें आहे.

हें शहाणपण मला पुस्तकांतून मिळालें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरची दहा-बारा मंडळी कोंकणांतील एका किनाऱ्यावर गेली होती. दिवस आश्विनांतले, आणि कोजागिरी समुद्रावर साजरी करावी ही कल्पना माझी. सायंकाळीं सहाच्या सुमारास आम्ही वाळूवर पोंचलों, तों समुद्र कोठें दिसेचना! समोर नुसती ओली वाळू, आणि दूरवर फेंसाची एक पांढरी रेघ. मुलें त्या रेघेकडे धांवलीं आणि त्यांच्यामागें आम्ही. वाटेंत घोट्याइतक्या पाण्याची एक सखल पट्टी लागली, ती हंसत-खिदळत ओलांडली. पलीकडच्या उंचवट्यावर सतरंज्या अंथरल्या, दशम्या आणि लसणीची चटणी निघाली, आणि दुधाचें पातेलें मध्यें ठेवून आम्ही चांदण्याची मौज पाहत बसलों. देखावा फार सुंदर होता. साडेआठच्या सुमारास माझ्या आत्याच्या पायांस पाणी लागलें. उठून मागें पाहिलें, तर आम्ही ओलांडून आलों ती सखल पट्टी आतां कमरेइतक्या पाण्यानें भरली होती. आमचें सारें लक्ष समोर होतें, आणि समुद्र पाठीमागून आला होता.

किनाऱ्यावरून एका वृद्ध कोळ्यानें आमचा गोंधळ ऐकला व तो दोन तरुणांस घेऊन पाण्यांत उतरला. मुलांना खांद्यांवर घेऊन आणि आत्याला दोन्ही बाजूंनीं धरून त्यांनीं आम्हांला बाहेर काढलें. पातेलें आणि सतरंज्या समुद्रानें नेल्या. काठावर आल्यावर त्या म्हाताऱ्यानें मला एवढेंच विचारलें, "आज पुनव आहे, हें ठावें नव्हतें का तुम्हांला?" मी काय उत्तर देणार? पुनव होती म्हणूनच तर आम्ही आलों होतों! मला पौर्णिमा म्हणजे चांदणें. त्याला पौर्णिमा म्हणजे उधाण.

आपण खानदेशांतलीं माणसें नदीच्या सहवासांत वाढलेलीं. आपली तापी मुलताईजवळ उगम पावते, आणि सुमारें ७२४ किलोमीटर चालून सुरतेपलीकडे डुमसजवळ समुद्रास मिळते. ती एकाच दिशेनें वाहते. तिला पूर येतो तो पावसाळ्यांत, आणि तो येण्यापूर्वीं आकाश सूचना देतें. समुद्राची रीत निराळी. त्याला रोज दोनदां पूर येतो व दोनदां ओसरतो, आणि तोहि निरभ्र आकाशाखालीं. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें बारा तास पंचवीस मिनिटें जातात. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढें सरकते. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येतें आणि त्यानंतर एक-दोन दिवस पाणी सर्वांत वर चढतें व सर्वांत खालीं उतरतें. हें उधाण. अष्टमीच्या सुमारास हीं दोन आकर्षणें परस्परांस काटकोनांत येतात, आणि चढउतार मंदावतो. त्याला कोळी लोक भांग म्हणतात.

येथें कोणी म्हणेल, "यूरोपांतील लोक तर वर्षानुवर्षें समुद्रकांठीं सुट्या घालवितात, ते कोठें तिथि पाहतात?" आक्षेप बरोबर आहे. फ्रान्समधील नीस हें भूमध्य समुद्रावरील असेंच एक प्रसिद्ध शहर. परंतु भूमध्य समुद्र जवळजवळ चहूंकडून जमिनीनें वेढलेला असून जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीनें तो महासागरास जोडलेला आहे. त्यामुळें तेथें बहुतेक ठिकाणीं भरती-ओहोटींतील फरक फूट-दीड फुटाहून अधिक नसतो. सकाळीं पाण्याजवळ मांडलेली खुर्ची सायंकाळीं पाण्याजवळच सांपडते. आपल्याकडे उधाणाच्या दिवशीं हाच फरक मुंबईस चार मीटरांच्या घरांत जातो, आणि खंबायतच्या आखातांत भावनगरच्या बाजूस तो दहा मीटरांच्या आसपास पोंचतो. तेव्हां तिकडचीं चित्रें पाहून इकडची सहल आंखणें योग्य नव्हे.

एक गोष्ट मात्र नीसकडून घेण्यासारखी आहे, ती ऋतूची. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज लोक तेथें जात ते थंडीच्या दिवसांत. तेथील समुद्रकांठचा रस्ता अजूनहि इंग्रजांच्याच नांवानें ओळखला जातो. उन्हाळ्यांत तेथें जाण्याची प्रथा १९२० नंतरच्या काळांत रूढ झाली. आपणहि समुद्रासाठीं हिवाळाच धरावा. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातो, म्हणून आपण गारव्यासाठीं समुद्राकडे धांवतों. तेथें पारा खालीं असतो खरा. परंतु आपली उष्णता कोरडी, घाम येतो तो वाळतो. वाळ्याचा पडदा किंवा कूलर आपल्याकडे काम देतो तो हवा कोरडी आहे म्हणूनच. समुद्रकांठीं हवा दमट असते, घाम वाळत नाहीं, आणि तेहतीस-चौतीस अंशांतहि वृद्ध माणसें कासावीस होतात. पुढें जून लागला कीं समुद्र खवळतो. १ जून ते ३१ जुलै या काळांत या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. ज्या पाण्यांत कोळी आपली होडी घालीत नाहीं, त्या पाण्यांत आपण मुलांना घालूं नये. म्हणून दिवाळीनंतरचे दिवस किंवा नाताळची सुटी हाच उत्तम काळ.

आतां तिथीचा हिशेब सांगतों. मुंबई व कोंकण किनाऱ्यावर तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, त्या दिवसाच्या तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जी संख्या येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजतां भरती. अष्टमीची सहा, द्वादशीची नऊ. पौर्णिमा व अमावास्या यांची सव्वाअकरा येते, म्हणजे मध्यान्हाच्या व मध्यरात्रीच्या सुमारास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा आहे. तो अर्धा-पाऊण तास चुकूं शकतो, आणि उत्तरेकडे डहाणूच्या बाजूस भरती मुंबईपेक्षां थोडी उशिरां येते. नक्की वेळ भरतीच्या कोष्टकांत मिळते. हल्लीं ती मोबाइलच्या पडद्यावरहि पाहतां येते. तरीहि पहिल्या दिवशीं गांवांतल्या एखाद्या कोळ्यास विचारून खात्री करून घ्यावी.

या हिशेबानें आमची कोजागिरी तपासून पाहा. भरती मध्यान्हीं व मध्यरात्रीं. अर्थात् सायंकाळीं सहाला पूर्ण ओहोटी. पाणी दूर गेलेलें, मुलें त्याच्यामागें गेलेलीं, आणि अंधार पडतांना सर्वांत मोठी भरती उलट फिरलेली! याच्या उलट षष्ठी ते नवमी हे चार दिवस घ्या. भरती साडेचार ते पावणेसातच्या दरम्यान, म्हणजे सूर्यास्ताच्या आगेमागें पाणी जवळ असतें, आणि चढउतारहि बेताचा. सकाळीं तेंच पाणी उतरत असतें. तेव्हां ओल्या वाळूवरून फिरावें, शिंपले वेंचावे, खेकड्यांचीं बिळें पाहावीं. आमच्या घरीं आतां समुद्राची सहल ठरते ती याच चार तिथींची.

जावें कोठें? थोडक्या दिवसांसाठीं खानदेशकरांना महाराष्ट्रांतला सोयीचा समुद्र पालघर जिल्ह्यांत घोलवड-बोर्डीचा, आणि त्यासाठीं मुंबईस जाण्याचें कारण नाहीं. जळगांवाहून सुरतेकडे जाणारा तापीकांठचा लोहमार्ग आपल्या दारांतूनच जातो : धरणगांव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. साने गुरुजी कोंकणांतल्या पालगडचे, पण त्यांनीं शिकविलें तें या अमळनेरास. आपण त्यांच्या उलट दिशेनें कोंकणाकडे निघावयाचें. सुरतेपर्यंतचें अंतर सुमारें तीनशें किलोमीटर. तेथून मुंबईच्या मार्गावर वलसाड, वापी आणि मग घोलवड. बहुतेक जलद गाड्या घोलवडास थांबत नाहींत. म्हणून वापीस किंवा डहाणू रोडला उतरून पुढें जावें. धुळेकरांनीं नरडाण्याहून गाडी धरावी, अथवा मोटारीनें नाशिक, त्र्यंबक, जव्हार या मार्गें डहाणू गांठावें. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आरक्षण साठ दिवस आधीं खुलें होतें. पंचांगांत तिथि ठरवून त्यापूर्वीं साठ दिवस मोजले कीं तिकिटाचा दिवस निघतो.

बोर्डीचा किनारा सपाट व लांबरुंद, मागें सुरूची झाडें, आणि त्यामागें चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूस २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. आपण जातांना केळीं न्यावीं व येतांना चिकू आणावे. जवळच गुजरातेंत उदवाडा आहे. तेथें पारशी बांधवांचा पवित्र अग्नि १७४२ पासून तेवत आहे. मंदिरांत इतरांस प्रवेश नसतो, परंतु गांवांतून फिरून येण्यासारखें आहे. ज्यांना आठ-दहा दिवस मोकळे असतील त्यांनीं रत्नागिरीकडे जावें. कोंकण रेल्वे १९९८ मध्यें पूर्ण झाल्यापासून तो प्रवास सुकर झाला आहे. गणपतीपुळें काय किंवा गुहागर काय, तिथीचा हिशेब तेथेंहि हाच.

आतां एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशीं पौर्णिमा नव्हती, अमावास्याहि नव्हती. कृष्ण अष्टमी होती. म्हणून लक्षांत ठेवा कीं पंचांग आपणांस वेळ सांगतें, अभय देत नाहीं. उतरत्या पाण्यांत स्नानास जाऊं नये. गुडघ्यापलीकडे पाणी लागलें कीं मागें फिरावें. विहिरींत किंवा तापीच्या डोहांत उत्तम पोहणाऱ्यानें तर अधिक जपावें, कारण विहिरीचें पाणी माणसास ओढून नेत नाहीं. मोटार वाळूंत नेऊं नये. अंधार पडण्यापूर्वीं सर्वांनीं वाळूवरून परतावें. आणि मुलें पाण्याशीं असतील तेव्हां घरांतील एका मोठ्या माणसानें कोरडें राहून केवळ त्यांच्याकडे पाहत उभें राहावें. हें काम पाळीपाळीनें करावें. छायाचित्रें काढणाऱ्याकडे तें देऊं नये.

शेवटीं वडील माणसांविषयीं. आपल्याकडे अशा कितीतरी आजीमाय आहेत, कीं ज्यांनीं चारी धामांच्या गोष्टी सांगितल्या, पण समुद्र पाहिला नाहीं. "वाळूंत माझ्यानें चालवत नाहीं, तुम्ही जा," असें म्हणून त्या घर राखतात, आणि आपणहि त्यांचें म्हणणें सोयीचें म्हणून मान्य करतों. आमच्या आजीनें असेंच म्हटलें होतें. पुढच्या वर्षीं मार्गशीर्षांतल्या अष्टमीला आम्ही तिला नेलें. सायंकाळीं पांच वाजतां सुरूच्या झाडांपासून थोड्याच अंतरावर, कोरड्या वाळूवर तिची खुर्ची मांडली. ती चालली ती फक्त वीस पावलें. तासाभरांत पाणी चढत चढत खुर्चीपासून हांकेच्या अंतरावर आलें, तेथें थबकलें, आणि मागें फिरूं लागलें. नातीनें तांब्याभर पाणी आणून तिच्या पायांवर घातलें. आजी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "हा तर स्वतः भेटायला आला."

श्रोतेहो, तो कधीं व कोठवर भेटायला येतो, हें पंचांगांत लिहिलेलें असतें. तेवढें वाचून निघा, आणि घरांतील वृद्धांना मागें ठेवूं नका.