बोरीकाठी आपले स्वागत असो

व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले पशुवैद्यक आणि पशुपालक बंधू-भगिनींनो,

तुळजाभवानीच्या तालुक्यात, पशुवैद्यकांच्या या परिषदेत, आपले मनःपूर्वक स्वागत.

आमचे नळदुर्ग एके काळी जिल्ह्याचे ठिकाण होते. इंग्रज अधिकारी कर्नल मेडोज टेलर यांनी इथे राहून कारभार पाहिला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मला मात्र आज मीर महंमद इमादीन यांचे नाव आदराने घ्यायचे आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमलात, १६१३ साली, त्यांनी इथल्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल उभा केला. पावसाळ्यात नर-मादी नावाचे धबधबे धो धो कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. किल्ला पाहून लोक तोंडात बोटे घालतात, पण बांधणाऱ्याचे नाव विचारत नाहीत.

त्यांनी नदी वाहती ठेवून आतली तेवढी जागा कोरडी राखली. डॉक्टर, आपली विद्याही मला तशीच वाटते. जनावर जागे, पायांवर उभे आणि दुखरा भाग तेवढा बधिर! पूर्वी मोडक्या शिंगाच्या बैलाला दोरांनी आवळून आडवे पाडत. आता तो खोड्यात उभा असतो. डोळा आणि शिंगाचे मूळ यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखाली लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध दिले जाते, थोडे थांबून सुईने टोचून पाहिले जाते आणि मगच शिंगाला हात लागतो. तेच औषध अडलेल्या गाईला शेपटीच्या मुळाशी, तर प्लास्टिक-खिळे गिळलेल्या म्हशीला डाव्या भकाळीत दिले जाते. रवंथ करणारे जनावर पूर्ण भुलीत आडवे झाले, तर पोट फुगते, पोटातले पाणी श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. म्हणून या विद्येचे मोल मोठे.

आता व्यवस्थेविषयी. गाव लहान, खोल्या अपुऱ्या. खंडोबाची एकच मूर्ती अणदूर आणि नळदुर्ग आळीपाळीने सांभाळतात; पाहुणेही आम्ही दोन्ही गावांत वाटून घेतले. काहींना लांब पडले, काल रात्री वीज गेली, अंघोळीचे पाणी उशिरा आले. त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. शेंगाचटणी-भाकरीचा पाहुणचार गोड मानून घ्यावा. भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, दूध देणारे गवळी, धान्य पाठवणारे अडते, फुकट मांडव घालणारे मांडववाले, प्रात्यक्षिकासाठी गोठा मोकळा करून देणारे शेतकरी आणि नाव सांगू नका म्हणणारे देणगीदार, सर्वांचे ऋण मोठे आहे.

एक विनंती: प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात खोडा आणि लिग्नोकेनची बाटली कायम असावी, असा ठराव या परिषदेने करावा. मुक्या जनावरांच्या वतीने मी तो मागतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.