परतीपुरते इंधन



अध्यक्षाने वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा आपल्या हाती दिलेल्या अहवालात आहे, आणि तो माझ्यापेक्षा नेटकेपणाने लिहिला गेला आहे. म्हणून मिळालेला वेळ मी एकाच प्रक्रियेसाठी वापरणार आहे. उडत्या हेलिकॉप्टरमध्ये दुसऱ्या विमानातून इंधन भरण्याची ही प्रक्रिया आहे. आपल्या हवाई दलाकडे टँकर विमाने आहेत. आग्र्याहून उडणारी इल्युशिन-७८ ही २००३ पासून सेवेत आहेत आणि लढाऊ विमानांना ती आकाशात इंधन देतात. हेलिकॉप्टरला मात्र आपण हवेत विमानातून इंधन देत नाही. तरीही हा विषय मी निवडला, कारण चांगली प्रक्रिया कशी रचावी हे शिकण्यासाठी याहून कठोर उदाहरण माझ्या माहितीत नाही.

अडचण मुळातच वेगाची आहे. जेट टँकरला हेलिकॉप्टरच्या वेगाने उडताच येणार नाही, तो आकाशातून पडेल. त्यामुळे हे काम चार पंख्यांच्या सी-१३० जातीच्या विमानाकडे येते. तेही फ्लॅप बरेच खाली सोडून, नाक किंचित वर धरून, साधारण ११० ते १२० नॉट, म्हणजे ताशी २०० ते २२० किलोमीटर, इतक्या कमी वेगाने उडते. त्याहून फार सावकाश उडायला त्याला परवानगी नाही. हेलिकॉप्टरचे दुखणे उलटे आहे. रोटर फिरताना एका बाजूचे पाते पुढे जाते आणि दुसऱ्या बाजूचे मागे. हेलिकॉप्टर जितके वेगाने पुढे जाईल तितकी मागे जाणाऱ्या पात्यावरची हवा मंदावते आणि ते पाते उचल गमावू लागते. सारे यंत्र थरथरते, आणि जड वजन, उष्ण हवा, जास्त उंची यांत ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. म्हणजे एक विमान आपल्या सर्वांत कमी वेगाजवळ, दुसरे आपल्या सर्वांत जास्त वेगाजवळ. या दोन मर्यादांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात दोघांनी काही मिनिटे एकत्र उडायचे असते. हेलिकॉप्टरची ताकद फारच कमी पडली तर दोघेही हळूहळू उंची सोडत, उतारावर उडत, इंधनाची देवघेव करतात.

हे करून पाहावे असे कोणाला वाटले? व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामच्या डोंगरात पाडल्या गेलेल्या वैमानिकांना आणायला अमेरिकन हवाई दलाची हेलिकॉप्टरे जात. तिथवर पोहोचायला, शोधायला आणि परत यायला त्यांचे इंधन पुरत नसे. लाओसमधल्या धावपट्ट्यांवर उतरून इंधन घ्यावे लागे, आणि तो वेळ जमिनीवर लपलेल्या माणसाच्या आयुष्यातून वजा होत असे. मेजर हॅरी डन यांनी हेलिकॉप्टरला प्रोब, म्हणजे पुढे काढलेली इंधन घेणारी नळी, लावून टँकरमागे नेण्याची कल्पना लावून धरली. हेलिकॉप्टर टँकरमागच्या ढवळलेल्या हवेत टिकणार नाही, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. डिसेंबर १९६५ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या चेरी पॉइंट इथे सीएच-३ हेलिकॉप्टरने मरीन कोअरच्या केसी-१३० टँकरशी संपर्क साधला. त्या प्रोबमधून इंधनाचा थेंबही येणार नव्हता. जुळणी होते की नाही, एवढेच पाहायचे होते. ती झाली.

पुढची वाटचाल झपाट्याने झाली. ३१ मे आणि १ जून १९६७ या दोन दिवसांत दोन एचएच-३ई हेलिकॉप्टरे न्यूयॉर्कहून न थांबता पॅरिसच्या विमान प्रदर्शनात पोहोचली. ३० तास ४६ मिनिटे, वाटेत नऊ वेळा इंधन. चाळीस वर्षांपूर्वी लिंडबर्ग यांना एकट्याने याच प्रवासाला साडेतेहतीस तास लागले होते. जगाने तो विक्रम पाहिला. बचाव पथकांसाठी मात्र खरा फरक वेगळाच होता, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा आहे. उंच डोंगरावर तरंगत राहून माणूस वर ओढायचा तर हेलिकॉप्टर हलके हवे. टँकर जवळ आहे याची खात्री असल्यावर वैमानिक त्या क्षणी इंधन हवेत सोडून वजन कमी करू लागले, माणूस उचलू लागले, आणि मग टँकरकडून पुन्हा इंधन घेऊन परतू लागले. सियाचीनवर चीता हेलिकॉप्टर नेणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. तिथे इंधनाचा प्रत्येक लिटर चौकीवर पोहोचणाऱ्या सामानातून वजा होतो. या सभागृहात नाशिकमधल्या गांधीनगरच्या लष्करी उड्डाण प्रशिक्षण संस्थेतून शिकून त्या हिमनदीवर गेलेले काही जण बसले आहेत, म्हणून हे आवर्जून सांगितले.

आता प्रक्रिया पाहू. हेलिकॉप्टर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या दिशेने आणि वेगाने सरळ उडत राहते. टँकर मागून येतो आणि पुढे निघून जातो, कारण जास्त वेग त्याच्याकडे आहे. दोघांनी एकमेकांना डोळ्यांनी पाहिले आहे असे कळेपर्यंत दोघांच्या उंचीत अंतर ठेवले जाते. टँकर पुढे जाऊन वेग कमी करतो, पंखाखालच्या पॉडमधून होज, म्हणजे इंधनाची लवचीक नळी, सोडतो. होज ऐंशी फुटांच्या आसपास असतो आणि त्याच्या टोकाला कापडी पाकळ्यांची छत्री असते. वैमानिक तिला बास्केट म्हणतात. हेलिकॉप्टरसाठीची बास्केट जेट विमानांच्या बास्केटपेक्षा बरीच मोठी असते, कारण कमी वेगाच्या हवेत होज ताणून धरायला जास्त ओढ लागते.

पॉडवर दिवे असतात. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे टँकर तयार. हिरवा म्हणजे इंधन वाहते आहे. रात्री आणि शत्रूच्या मुलखाजवळ रेडिओवर एकही शब्द न बोलता हे सारे केवळ दिव्यांवर चालते. हेलिकॉप्टर बास्केटच्या काही फूट मागे येऊन स्थिर होते. इथे घाई करायची नसते. स्थिर झाल्यावरच पुढे सरकायचे, तेही टँकरपेक्षा दोन-तीन नॉट जास्त वेगाने, माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगाने. फार सावकाश गेले तर प्रोब बास्केटमध्ये पक्का बसत नाही. फार जोरात गेले तर होजमध्ये ढिलाई येते, तिची लाट टोकापर्यंत जाऊन परत फिरते आणि प्रोबचे टोक मोडू शकते. ही ढिलाई पॉडमधली रिळाची यंत्रणा आत ओढून घेते. ती बिघडली असेल तर संपर्क करायचाच नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट नवशिक्याला शिकवायला महिने लागतात. बास्केट हवेत डोलत असते, आणि माणसाचा स्वभाव तिचा पाठलाग करण्याचा आहे. ती डावीकडे गेली की हात डावीकडे जातो, तोवर ती उजवीकडे आलेली असते, आणि हेलिकॉप्टर तिच्यापेक्षा जास्त डोलू लागते. म्हणून शिकवतात ते असे: नजर टँकरवर ठेवा, टँकरशी आपली जागा पक्की करा, बास्केट फक्त नजरेच्या कडेला राहू द्या. हात झटक्याने मागे ओढला तर रोटरचे वर्तुळ कलते, आणि पाते होजला, कधी स्वतःच्याच प्रोबला लागू शकते. त्यामुळे या सगळ्या कामात हाताची हालचाल कमी असणे हेच कौशल्य मानले जाते.

प्रोब बसला की हेलिकॉप्टर होज काही फूट आत ढकलते, झडप उघडते, दिवा हिरवा होतो. मग ते थोडे वर आणि बाहेरच्या बाजूला सरकते, टँकरच्या मागच्या ढवळलेल्या हवेतून शांत हवेत. तिथे काही मिनिटे. नंतर त्याच मार्गाने मागे, सावकाश, होज पूर्ण ताणला जाऊन प्रोब आपोआप सुटेपर्यंत.

मित्रहो, इथवर जे सांगितले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मला ज्याबद्दल आज खरे बोलायचे आहे तो भाग आता येतो, आणि तो जोडण्याचा नाही, सुटण्याचा आहे. ‘ब्रेकअवे’ हा शब्द दोन्ही विमानांतला कोणीही, हुद्दा न पाहता, उच्चारू शकतो. मागच्या दाराशी बसून होजवर नजर ठेवणारा टँकरचा कर्मचारीही. शब्द ऐकला की हेलिकॉप्टर वेग कमी करून मागे पडते, टँकर पुढे आणि वर जातो, आणि कारण नंतर विचारले जाते. होज अडकला तर तो कापून टाकायला पॉडमध्ये पाते बसवलेले असते. इंधन देण्यासाठी बनवलेल्या यंत्रात इंधनाची वाट तोडण्याचे हत्यार पहिल्या आराखड्यापासून ठेवलेले आहे, याचा आपण रचनाकार म्हणून विचार करावा.

याच विचाराचा मोठा भाग उड्डाणाच्या नियोजनात असतो. इंधन संपत आले म्हणून टँकरकडे जायचे नसते. भेटीची जागा अशी निवडायची की सगळे प्रयत्न फसले तरी हेलिकॉप्टरकडे कुठल्या तरी जमिनीवर किंवा जहाजावर पोहोचण्याइतके इंधन उरलेले असेल. मी तर म्हणेन, या प्रक्रियेची कसोटी इंधन मिळाले की नाही यावर लागत नाही. ते न मिळाल्यावर माणसे कुठे उतरली, यावर लागते.

जानेवारी १९९१ मध्ये सोमालियात यादवी पेटली आणि मोगादिशूतल्या अमेरिकन वकिलातीला वेढा पडला. समुद्रात दूर असलेल्या ट्रेन्टन या जहाजावरून दोन सीएच-५३ई हेलिकॉप्टरे ४६६ सागरी मैल उडून तिथे पोहोचली. अंधारात दोनदा हवेतून इंधन घ्यावे लागले. दुसऱ्या वेळी एका हेलिकॉप्टरच्या आतली इंधनाची नळी निकामी झाली, आत बसलेले सैनिक इंधनाने भिजले, आणि परत फिरावे लागणार अशी वेळ आली. ते फिरले नाहीत. त्या मोहिमेतून तीस देशांची २८१ माणसे बाहेर आली.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला अटलांटिकमधल्या प्रचंड वादळात न्यूयॉर्कच्या एअर नॅशनल गार्डचे एचएच-६० हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे मैलांवर एका शिडाच्या बोटीतल्या एकट्या खलाशाला आणायला गेले. लाटा इतक्या होत्या की उचलणे अशक्य ठरले. परतीच्या वाटेवर टँकर सोबत होता, इंधन टँकरमध्ये होते, आणि वादळात बास्केट एका जागी राहीना. प्रयत्नांमागून प्रयत्न फसले. खाली समुद्राशिवाय काही नव्हते. शेवटी पाचही जण रात्रीच्या पाण्यात उतरले. तटरक्षक दलाच्या तामारोआ या जहाजाने चौघांना वाचवले. पाचवे, रिक स्मिथ, सापडले नाहीत. त्या वैमानिकांच्या कौशल्यात उणे काढण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण त्या रात्री प्रक्रियेजवळ दुसरी वाट उरली नव्हती, हे आपण प्रत्येक वर्गात शिकवले पाहिजे. एखादी क्षमता सवयीची झाली की आपण तिलाच वाट समजू लागतो.

आणि ज्यांना वाटेल की हवेत भरण्यापेक्षा जमिनीवर भरणे केव्हाही सुरक्षित, त्यांनी एप्रिल १९८० आठवावे. तेहरानमधल्या अमेरिकन ओलिसांना सोडवण्याच्या मोहिमेत इराणच्या वाळवंटात उतरून हेलिकॉप्टरांना इंधन द्यायचे ठरले होते. मोहीम रद्द झाल्यावर निघताना, धुळीच्या लोटात एक हेलिकॉप्टर इंधनाने भरलेल्या सी-१३० वर आदळले. आठ जण गेले. जमीन म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे.

यंत्र नवे झाले म्हणून जुना प्रश्न सुटत नाही, हेही पाहा. युरोपच्या ए४००एम या मोठ्या विमानाने हेलिकॉप्टरला इंधन द्यावे असे ठरले, पण त्याच्या मागची हवा इतकी खवळलेली निघाली की नेहमीच्या लांबीचा होज चालेना. जास्त लांब होज घेऊन चाचण्या नव्याने कराव्या लागल्या, आणि फ्रेंच एच२२५एम हेलिकॉप्टरला प्रत्यक्ष इंधन देणारे संपर्क २०२० मध्ये झाले. मधल्या काळात फ्रान्सने केसी-१३० विमाने विकत घेतली. कोणी त्यांना घाई करायला लावली नाही, याचे मला कौतुक वाटते.

आपल्या देशाचे काय? आपल्या शोध आणि बचाव क्षेत्राचा विस्तार सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर समुद्रावर आहे. अंदमान मुख्य भूमीपासून हजार किलोमीटरहून दूर. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हाय परिसरात पी-३०५ हा बार्ज बुडाला. तेव्हा नौदलाची जहाजे आणि कुलाब्याच्या शिक्रा तळावरची हेलिकॉप्टरे किती झुंजली, हे या सभेतल्या अनेकांना जवळून ठाऊक आहे. तो बार्ज किनाऱ्यापासून फार दूर नव्हता. तसाच अपघात तिप्पट अंतरावर झाला तर?

नौदलांकडे एक मधला मार्ग आहे. हेलिकॉप्टर जहाजाच्या शेजारी तरंगत राहते, विंचच्या दोराने होज वर ओढून घेते आणि न उतरता इंधन भरते. त्यातही इंधनात पाणी नाही ना, हे आधी तपासण्याचा आणि क्षणात सुटण्याचा नियम आहे. पण त्यासाठी जहाज जवळ हवे.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडे सी-१३०जे विमाने आहेत. त्यांतल्या मोजक्यांना इंधन देणारे पॉड बसवून, आणि बचावासाठीच्या मोजक्या हेलिकॉप्टरांना प्रोब लावून, एक छोटे पथक केवळ समुद्रावरच्या बचावासाठी उभे करावे. लढाईची गरज सांगून हे मागणे सोपे जाईल, पण मी बचावासाठीच मागतो, कारण ही कल्पना जन्मली तीच अडकलेल्या एका माणसाला आणण्यासाठी. आणि पॉड विकत घेण्याआधी वैमानिकांचा सराव, रात्रीचा सराव, टँकरच्या मागच्या दाराशी बसणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण यांचा खर्च मंजूर व्हावा. होज गोदामात ठेवता येतो. सराव ठेवता येत नाही. काही महिने सुटला की गेला.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती हा निर्णय नाही. प्रक्रिया लिहिणे मात्र आपल्या हाती आहे: किनाऱ्यावरून तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांची, हँगरमधल्या इंधनभरणीची, इंजिन चालू ठेवून इंधन घेण्याची. उद्याच्या सत्रांसाठी आलेले निबंध मी वाचले. बहुतेकांत काम कसे पूर्ण करावे ते उत्तम लिहिले आहे. काम मध्येच सोडायचे झाले तर कोणी, केव्हा, कोणत्या शब्दाने सोडायचे, आणि सोडल्यावर कुठे जायचे, हे मोजक्याच निबंधांत आहे. माझी विनंती आहे की प्रत्येक लेखकाने आज रात्री आपल्या निबंधात तेवढा एक परिच्छेद जोडावा. संयोजकांशी बोलून उद्या दुपारच्या सत्रातला पहिला तास मी केवळ त्या परिच्छेदांच्या वाचनासाठी राखून घेतला आहे.