औषध कोण चुकवतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सत्राला संयोजकांनी ‘व्यक्तीचे आरोग्य आणि सामुदायिक जबाबदारी’ असे भारदस्त नाव दिले आहे. असल्या विषयावर बोलणे तसे सोपे असते, कारण काहीही बोलले तरी ते खरेच ठरते. पहाटे उठावे, चालावे, तंबाखू सोडावी, सभा संपल्यावर रात्री अकरा वाजता वडापाव खाऊन झोपू नये. यात खोटे काय आहे? कार्यकर्ता म्हटला की त्याने शरीराची हेळसांड करावी आणि इतरांनी तिला त्याग म्हणावे, ही रीत मला कधीच पटली नाही. कामासाठी देह झिजवणे वेगळे आणि आळसाने त्याची आबाळ करणे वेगळे. एवढे सांगून हा भाग मी संपवतो, कारण तो आपणांस ठाऊक आहे आणि मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधणारे लोक हल्ली तो रोज सांगत असतात.

मला बोलायचे आहे ते क्षयाविषयी. हा रोग निवडण्याचे कारण असे की व्यक्तीची जबाबदारी कोठे संपते आणि समाजाची कोठे सुरू होते, हा प्रश्न त्याच्याइतका स्पष्टपणे दुसरा कोणताही रोग आपल्यासमोर मांडत नाही. शिवाय तो आपलाच रोग आहे. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. २०२५ सालापर्यंत क्षयाचे उच्चाटन करू, अशी घोषणा २०१८ साली दिल्लीत झाली होती. ते साल आले आणि गेले, क्षय आहे तेथेच आहे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्यामुळे क्षय हा कुळाचा शाप किंवा पापाचे फळ नव्हे, एवढे तरी सिद्ध झाले. परंतु जंतू सापडला म्हणजे रोगाचे सगळे कारण सापडले, असे मात्र झाले नाही. हा जंतू हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो तेव्हा बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जातात. ताटवाटी वेगळी ठेवल्याने तो थांबत नाही, खिडकी उघडल्याने बराचसा थांबतो. आपल्या घरांत मात्र नेमके उलट होते. सुनेचे ताट निराळे केले जाते, आणि शेजाऱ्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली जाते.

आता यातील दुसरी गोष्ट पाहा. जंतू शरीरात शिरलेल्या शंभर माणसांपैकी आयुष्यभरात पाच ते दहा जणांनाच प्रत्यक्ष रोग होतो. उरलेल्यांचे शरीर त्याला कोंडून ठेवते. हा कोंडवाडा कोणाचा फुटतो? ज्याचे पोट भरत नाही त्याचा, मधुमेह्याचा, एचआयव्हीची बाधा असलेल्याचा, दारू आणि तंबाखू यांनी पोखरलेल्याचा, दगडखाणीत सिलिकाची धूळ ओढणाऱ्याचा. या यादीतील काही गोष्टी माणसाच्या हातात आहेत, काही मुळीच नाहीत, आणि काही, उदाहरणार्थ खाणकामगाराची तंबाखू, आहेतही आणि नाहीतही. बारा तास उन्हात दगड फोडणाऱ्याची भूक तंबाखूने मरते. त्याला व्यसनमुक्तीवर व्याख्यान देणाऱ्याने आधी त्याचा डबा उघडून पाहावा.

उपचार आहे, आणि तो चांगला आहे. साध्या क्षयावर सहा महिने औषध घ्यावे लागते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, माणसाला बरे वाटू लागते. धोका आहे तो येथेच. बरे वाटल्यावर औषध सोडणारा पुन्हा आजारी पडू शकतो, आणि त्या वेळी त्याच्यातील जंतू त्या औषधांना दाद देईनासा झालेला असू शकतो. तोच हट्टी जंतू मग तो इतरांना देतो. मुंबईतील डॉक्टरांनी २०११ साली अशा काही रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, की ज्यांच्यावर त्या वेळी तपासलेली सर्वच औषधे निष्प्रभ ठरली होती. तेव्हा गोळी गिळणे ही सर्वस्वी खाजगी बाब राहत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. ‘माझी तब्येत, मी पाहीन’ हा बाणा येथे चालत नाही.

परंतु एवढ्यावरून सरकारी दप्तराने जो शब्द घडवला, त्याच्याशी माझे भांडण आहे. औषध मध्येच सोडणाऱ्याला ‘डिफॉल्टर’ म्हणत. कर्ज बुडवणाऱ्यालाही तोच शब्द! पुढे अधिकृत कागदांतून तो शब्द काढून टाकण्यात आला, पण वृत्ती इतक्या सहज काढता येत नाही. नाक्यावर उभा राहणारा मजूर औषधासाठी केंद्रावर गेला तर त्याचा रोज बुडतो. तो औषध चुकवतो की आपण त्याच्यापुढे औषध आणि भाकरी यांतील एक निवडण्याचा पेच टाकतो? आणि २०२४ सालच्या मार्चमध्ये काय घडले? औषधांचा पुरवठा लांबणार म्हणून केंद्र सरकारने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. एक दिवसही गोळी चुकवू नका, असे रुग्णाला वर्षानुवर्षे बजावणाऱ्या यंत्रणेकडेच गोळी कमी पडली. त्या महिन्यांतील डिफॉल्टर कोण, हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले सापडणार नाही.

येथे थोडा इतिहास सांगतो, कारण आजच्या धोरणाचे मूळ त्यात आहे. औषधे येण्यापूर्वी क्षयाचा उपचार म्हणजे आरोग्यधाम: डोंगरावरची हवा, विश्रांती, दूध, अंडी. मिरज, पाचगणी, औंध ही नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला त्याच संदर्भात ठाऊक होती. हा उपचार अर्थातच ज्याला परवडे त्याचा, किंवा ज्याला खाट मिळे त्याचा. १९५६ साली मद्रासमध्ये एक फार महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. शहरातील गरीब रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एकाला आरोग्यधामात ठेवले आणि दुसऱ्याला दाटीवाटीच्या राहत्या घरीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्ण कमी खात होते, अधिक काम करत होते, तरीही ते जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. त्यांच्या घरच्यांना लागणही अधिक झाली नाही. या एका प्रयोगाने जगभरातील आरोग्यधामांची सद्दी संपवली आणि क्षयाचा उपचार गरिबाच्या दारात आणला. समाजवाद्याने त्याला सलामच केला पाहिजे.

तथापि त्याच प्रयोगातून राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीचा एक अर्थ काढला. औषध पुरते म्हणजे अन्न नसले तरी चालते, घर कसेही असले तरी चालते! मद्रासच्या संशोधकांनी तसे म्हटलेले नव्हते. त्यांचा प्रश्न उपचाराचा होता; रोग मुळात होऊच नये यासाठी काय लागते, हा निराळा प्रश्न होता. पण गोळ्या वाटणे हे घरे बांधण्यापेक्षा आणि मजुरी वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते. त्यामुळे सहा दशके तोच अर्थ चालला.

त्याचे उत्तर झारखंडमधून आले. अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याच्या नेतृत्वाखाली तेथील चार जिल्ह्यांत २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे यांचा अभ्यास झाला, आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. अन्न सगळ्या रुग्णांना दिले. निम्म्या भागांत त्यांच्या घरच्यांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाच्या, म्हणजे इतरांना लागणाऱ्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. डाळ-तांदूळ, साथींनो! ज्याला आपण रेशन म्हणतो आणि ज्यासाठी मोर्चे काढतो, ते लसीच्या तोडीचे काम करते.

सरकारने अन्नाचा विचार केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा करण्याची योजना आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० करण्यात आली. दिवसाला तेहतीस रुपये पडतात. शिवाय २०२२ पासून ‘नि-क्षय मित्र’ ही कल्पना आली: दानशूर नागरिकाने किंवा कंपनीने रुग्ण दत्तक घ्यावा आणि त्याला अन्नाची टोपली द्यावी. टोपली नाकारू नका, असेच मी सांगेन. भुकेल्या घरात ती जाते आणि झारखंडने तिचे मोल सिद्ध केले आहे. परंतु दात्यासोबत छायाचित्र काढून घेणे ही जर औषधाची किंमत होणार असेल, तर ज्या रोगाची लाज घालवायला आपण निघालो, तीच लाज आपण वाढवतो. शिधा हा रुग्णाच्या घराचा हक्क म्हणून रेशनच्या दुकानातून, कोणाचे आभार न मानता मिळाला पाहिजे.

आता घराविषयी. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गरिबांना हुसकावले, जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. त्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. पण त्या साम्राज्यवादी ट्रस्टच्या अधिकाऱ्यांनीसुद्धा खोलीत उजेड यायचा तर समोरची भिंत किती अंतरावर हवी, याचा अंशांत हिशेब मांडला होता. स्वतंत्र भारतातील त्याच शहरात काय झाले? २०१८ साली गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथील इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर ना सूर्य पोहोचतो ना वारा. आणि तेथे क्षयाचे प्रमाण त्याच परिसरातील अधिक मोकळ्या वसाहतीपेक्षा पुष्कळ जास्त आढळले. झोपडीतून पक्क्या घरात नेलेल्या माणसाला आपण क्षय बांधून दिला. तो आराखडा ज्याने मंजूर केला, त्याने कोणती गोळी चुकवली होती?

औषधाच्या किमतीबद्दल थोडक्यात. हट्टी क्षयावरील बेडाक्विलीन या औषधाची मक्तेदारी लांबवण्याचा अर्ज जॉन्सन अँड जॉन्सनने केला, तेव्हा २०१९ साली त्याला हरकत घेणाऱ्या दोघी स्वतः या रोगातून उठलेल्या होत्या: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. जुन्या उपचारात दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. ‘रुग्ण’ या शब्दाने ज्यांच्या डोळ्यांसमोर केवळ खाटेवरची व्यक्ती उभी राहते, त्यांनी हे प्रकरण अभ्यासावे.

एक कटू गोष्ट आपल्यातल्यांसाठी. व्यवस्था बदलल्याखेरीज क्षय जाणार नाही, हे वाक्य खरे आहे. पण ते उच्चारून शेजारच्या खोलीतील दोन आठवड्यांच्या खोकल्याकडे पाठ फिरवणारा कार्यकर्ता मला मान्य नाही. बेडक्याची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. तेथवर सोबत जाणे, मुलीच्या लग्नाच्या धास्तीने रोग लपवणाऱ्या आईशी बोलणे, उपचार चालू असलेल्याला शाखेच्या बैठकीला पूर्वीसारखेच बोलावणे, या गोष्टींसाठी क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. मात्र वस्तीतील रुग्णांच्या याद्या करत हिंडू नका. कोणाला सांगायचे, हे रुग्णाने ठरवायचे असते.

शेवटचा मुद्दा मजुरीचा, आणि गटचर्चेसाठी तोच मी आपणांपुढे ठेवतो. कर्मचारी राज्य विम्यात नोंद असलेल्या आणि अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला क्षयासाठी वेतनाच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. हा हक्क कायद्यात आहे. पुष्कळांना तो माहीत नसतो, आणि कंत्राटदार तो सांगत नाही. ऊसतोडणी करणारा, घरकाम करणारी, नाक्यावरचा गवंडी, खाणीतला फोड्या यांना मात्र दिवसाचे तेहतीस रुपयेच. यांच्यासाठी उपचाराच्या सहा महिन्यांची किमान वेतनाइतकी आजारमजुरी मागायची, तर ती कोणत्या कल्याण मंडळामार्फत, कोणत्या निधीतून, आणि आपल्या कोणत्या युनियनने आधी मागायची? दुपारी जिल्हावार गट बसतील. प्रत्येक गटाने आपल्या भागातील एका धंद्याचा हिशेब करावा: रोज किती, केंद्राचे अंतर किती, एका खेपेला किती मजुरी बुडते. आकडे संध्याकाळच्या सत्रापूर्वी फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे ठरावाचा मसुदा त्यांवरूनच करता येईल.