दुबईला जाताय? आधी शाळेचं बघा

आपल्या कोकणातली कितीतरी माणसं आखातात आहेत. आता आमच्या बचत गटातल्या दोघी मुलांना घेऊन नवऱ्याकडे दुबईला निघाल्यात. बेत जूनचा. मी म्हटलं, थांबा गं! आपली शाळा जूनमध्ये भरते, पण तिथल्या सीबीएसईच्या शाळा एप्रिललाच सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टला सुट्टी. म्हणजे जूनमध्ये गेलेलं पोर घरातच बसायचं.

परदेशी मुलं तिथं बहुतेक खासगी शाळेत जातात, फी भरून. बसचे पैसे निराळे. दोन्ही आकडे नवऱ्याकडून मागवा, मगच तिकीट काढा. नुसता पगार ऐकून हुरळू नका. शाळा निवडताना केएचडीएचा अहवाल बघा. हे तिथलं सरकारी खातं खासगी शाळा तपासून दर्जा देतं. शेजारीण काय सांगते ते नंतर.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि पुढचे शिक्के इथूनच करून घ्या, नाहीतर म्हाताऱ्या सासऱ्यांना हेलपाटे. जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय का, तेही आजच पाहा. आणि लसीचं कार्ड हरवू नका, तेही मागतात.