न बोलता बोललेले

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



‘शब्दांवाचूनचे बोलणे’ या विषयावर मला बोलावयास सांगितले आहे. शब्दांवाचून होणाऱ्या गोष्टीसाठी शब्दच खर्च करावे लागणार, तेव्हा थोडक्यात बोलतो.

मूल बोलावयास लागण्यापूर्वीच आईचा चेहरा वाचू लागते. मोठेपणीही ही विद्या सुटत नाही. सलामासाठी वर गेलेला हात, ईदची गळाभेट, खासबाग मैदानात कुस्तीपूर्वी दोन मल्लांनी दिलेली सलामी, यांत भाषण नसते, पण अर्थ पुरा असतो.

आपल्या भागातील जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा कसा होतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. दलाल आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात. कोणती बोटे धरली, किती धरली, यावरून भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. सोय मोठी, पण या सोयीत अडाणी माणूस फसतो. म्हणूनच शेतमालासाठी बाजार समित्यांमध्ये उघड लिलावाची पद्धत आणावी लागली. मूक भाषा जशी सांगण्यासाठी आहे, तशी ती लपविण्यासाठीही वापरता येते, हे ध्यानात ठेवू या.

आता तिची ताकद पाहा. आपल्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती कहाणी. त्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालचा. म्हणजे तोवर मराठी पडद्यावरील माणूस बोलतच नव्हता. मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत, पण समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती. तरीही त्यांना त्या शेतकऱ्याचे दुःख कळले. डोळे, खांदे, चाल यांवरून ते कळले.

परंतु चेहऱ्याहूनही मोठी भाषा एक आहे. ती म्हणजे वर्तन. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९०६ साली त्यांच्याच पुढाकाराने येथे मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूमही त्यांनी काढले. पण हुकूम कागदावर राहतो, हे महाराज जाणून होते. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातील गृहस्थांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा लोक तिकडे फिरकेनात. महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवीत, तेथील चहा स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. त्या एका कपात जे होते, ते दहा व्याख्यानांत मावले नसते.

मंडळी, आता आपल्या घराकडे वळतो. निकालाच्या दिवशी मुलाची गुणपत्रिका अब्बा चष्मा लावून वाचतात. मुलीची मात्र न उघडताच कपाटावर ठेवली जाते. ‘तुझ्या शिक्षणाला किंमत नाही’ असे कोणी म्हटलेले नसते. पण तिने ते ऐकलेले असते. दहावी होते. पुढच्या प्रवेशाचा अर्ज कोणी आणीत नाही, फीचा विषय कोणी काढीत नाही. एक दिवस मुलगी आपणहून वह्या-पुस्तके बांधून ठेवते आणि घरातली माणसे म्हणतात, ‘तिलाच शिकायचे नव्हते.’ हा उपरण्याखालचा सौदा झाला! फरक इतकाच, की येथे जिचा सौदा झाला तिचा हात त्या उपरण्याखाली नव्हताच.

शिक्षकांनाही हे लागू आहे. जो शिक्षक सारा तास पहिल्या दोन बाकांकडे पाहून शिकवितो, तो मागच्या बाकावरील मुलांना रोज सांगत असतो, ‘तुम्ही माझ्या हिशेबात नाही.’

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक गोष्ट सांगतो. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही आपल्याकडे अदब आहे. ती जरूर पाळा. पण पुण्या-मुंबईला मुलाखतीस जाल, तेव्हा खाली गेलेल्या नजरेचा अर्थ तेथे ‘याला आत्मविश्वास नाही’ असाही लावला जाईल. खुणांचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. यात कमीजास्त काही नाही. दोन्ही भाषा आल्या पाहिजेत, इतकेच.

पालकांना माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. शाळेच्या सभेला या. आपण काही बोलला नाहीत तरी चालेल. दाराशी उभे असलेले वडील पाहून मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते आम्ही वर्गात पाहतो. आणि मुलीच्या शिक्षणाचा निर्णय घ्याल, तो तिला समोर बसवून, मोकळेपणाने बोलून घ्या. अडचण पैशाची असेल तर तसे सांगा. सांगितलेल्या अडचणीवर शिष्यवृत्तीचा, मदतीचा मार्ग शोधता येतो. न सांगितलेल्या अडचणीवर कोणाचाच इलाज चालत नाही.

माया, आदर, विश्वास या गोष्टी न बोलताही पोहोचतात. त्या खुशाल तशाच पोहोचवा. परंतु ज्या निर्णयावर दुसऱ्याचे आयुष्य अवलंबून आहे, तेथे मौन पाळू नका.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, हेही एक बोलणेच आहे. ते माझ्यापर्यंत पोहोचले.