नाकापासून शेपटीपर्यंत एकच तार

माझा पहिला लाकडी मासा सागाचा होता. नाकात आणि शेपटीत कडीचे स्क्रू पिळले, झकास रंग दिला. रेवदंड्याच्या खाडीत जिताड्याने तो धरला आणि एका हिसक्यात शेपटीचा स्क्रू गळासकट उपटून नेला. त्याच्या तोंडात माझा गळ राहिला, ही टोचणी अजून जात नाही.

तेव्हापासून तार सलग. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड घ्या, 10 सेंटीमीटर पुरे. पोटाकडून करवतीने खाच पाडा, स्टीलची तार नाकापासून शेपटीपर्यंत बसवा, पोटात थोडं शिसं ठेवा, एपॉक्सीने बुजवा. शिसं पाठीकडे सरकलं तर मासा उताणा पोहतो! रंगाआधी लाकडावर एपॉक्सीचा हात द्याच. पाणी शिरलं की लाकूड फुगतं, रंग तडकतो.

महागड्या सामानाची गरज नाही. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 मध्ये बुचाचा मासा कोरून त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला होता.

हनुवटीला प्लास्टिकची जीभ लावा आणि हौदात ओढून बघा. उजवीकडे पळाला, तर नाकाची कडी किंचित डावीकडे वाकवा. किंचितच हं. माझा हा आठवा, अजून तिरका पोहतोय.