बियाणे सप्टेंबरात हातात हवे

(मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी एकाच लहान गोष्टीबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे कोबीचे बी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भात, नागली, वरई घरात आली की ताटात दाणा असतो, पण भाजी नसते. पावसाळ्यातल्या रानभाज्या हिवाळ्यात सरलेल्या असतात. नेमक्या त्याच थंडीत कोबीचा गड्डा चांगला भरतो. कोबीत क जीवनसत्त्व असते आणि ते नागलीतले, डाळीतले लोह अंगी लागायला मदत करते. बाळंतीण आणि लहान मुले असलेल्या घरात ही भाजी मोलाची आहे.

वाल, भोपळा, मिरची यांचे बी तिथल्या बाया स्वतः जपून ठेवतात. कोबीचे तसे होत नाही. त्याला फुलावर यायला बरेच आठवडे कडक थंडी लागते, म्हणून गोल्डन एकरसारख्या जुन्या जातीचे बी हिमाचलातल्या कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात तयार होते. आपल्याला ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते.

पण लागते किती? 1 ग्रॅममध्ये सुमारे 250 ते 300 बिया असतात. 40 घरांचा पाडा धरा आणि प्रत्येक घरी 25 रोपे द्या, म्हणजे झाली 1000 रोपे. काही उगवणार नाहीत, काही मरतील, तरी 10 ग्रॅमचे एक पाकीट साऱ्या पाड्याला पुरून उरते. ते दोन हप्त्यांत, पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावे, म्हणजे सगळे गड्डे एकदम तयार होत नाहीत.

रोपे एकाच ठिकाणी करणे सोयीचे पडते. वीतभर उंच गादीवाफा करावा, कारण पाणी साचले की कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल ओळीत बी पातळ पेरावे, चाळलेल्या शेणखताने झाकावे आणि वर भाताचा पेंढा पसरावा. चार ते सहा दिवसांत कोंब दिसताच पेंढा काढावा, नाहीतर रोपे उंच आणि लुळी होतात. चार-पाच आठवड्यांत चार-पाच पाने आली की रोपे घरोघरी द्यावीत. ती संध्याकाळी, दीड-दीड फुटावर लावावीत. भांडी विसळलेले पाणी त्यांना चालते. कडेने मोहरी पेरली तर पाने खाणाऱ्या अळीचा पतंग आधी मोहरीवर जातो. कोंबड्या-शेळ्यांसाठी काटेरी फांद्यांचे कुंपण मात्र हवेच. लावल्यापासून साधारण 60 ते 70 दिवसांत गड्डा येतो. तो कापल्यावर खुंट उपटू नये, त्यावर पुन्हा लहान गड्डे धरतात.

रोपे कोणाला द्यायची, याचाही विचार करावा लागतो. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. बंद घराच्या अंगणात कोबी वाढत नाही. म्हणून आधी त्या घरी जावे, जिथे आजी आणि नातवंडे मागे राहतात. पाणी घालणारा हात तिथे असतो आणि खाणारी तोंडेही तिथेच असतात.

आता तुम्हाला सांगायचे ते हे. आपल्या मंडळ्यांची देणगी बहुतेक नाताळात येते. त्या पैशाने बी आणले तर ते जानेवारीत पेरले जाते आणि रोपे फेब्रुवारीत लागतात. तेव्हा विहिरी तळाला जाऊ लागतात, ऊन वाढते आणि गड्डे पोकळ राहतात. तेच बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरले तर रोपे भातकापणीनंतर, नोव्हेंबरात लागतात आणि जानेवारीत ताटात भाजी येते. पैसे तेवढेच, बीही तेच, फरक फक्त तीन महिन्यांचा.

म्हणून माझी विनंती आहे. नाताळची देणगी नाताळातच द्या, पण बियाण्यापुरता लहानसा वाटा ऑगस्टमध्ये वेगळा काढून खजिनदारांकडे द्या. एका कुटुंबाने एक पाकीट घेतले तरी एका पाड्याची सोय होते. सप्टेंबर संपायच्या आत ती पाकिटे पाड्यांवर पोहोचली पाहिजेत.